वादळात ड्युटीवर कोण, हे वादळाआधी ठरवा

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मोठ्या वादळाचा इशारा आला की रुग्णालयात सगळ्यात आधी एक परिपत्रक निघते. त्याचा मजकूर मला तोंडपाठ आहे. 'सर्व अधिकारी व कर्मचाऱ्यांच्या रजा रद्द करण्यात येत आहेत. पूर्वपरवानगीशिवाय कोणीही मुख्यालय सोडू नये. कसूर करणाऱ्यांवर शिस्तभंगाची कारवाई करण्यात येईल.' खाली सही, शिक्का आणि 'प्रत माहितीसाठी' म्हणून नावांची रांग. हा कागद वॉर्डातल्या फलकावर लागला की वरच्या मजल्यावर मनुष्यबळाचा विषय मिटलेला असतो. वॉर्डात तो तेव्हा कुठे सुरू होतो. रजा रद्द केली की माणूस मस्टरवर हजर धरता येतो. खाटेजवळ त्याला आणायला रस्ता लागतो, गाडी लागते, आणि घरी मागे कुणीतरी लागते.

मी निवृत्त परिसेविका आहे. नोकरीतला बराच काळ ड्युट्या लावण्यात गेला. बाहेरच्याला ते काम म्हणजे तक्त्यातल्या चौकोनांत सकाळ, दुपार, रात्र आणि ऑफ भरणे वाटते. ते भरणारीला मात्र कोणाचे सासरे अंथरुणावर आहेत, कोणाचे मूल अजून अंगावर पिते, कोण पुलापलीकडून येते, कोणाकडे स्वतःची गाडी आहे, कोण शेवटच्या बसवर अवलंबून आहे, हे सगळे डोक्यात ठेवावे लागते. रुग्णालयाच्या आपत्ती आराखड्यात यातले काहीच नसते. त्यात खाटा असतात, जनरेटर असतो, ऑक्सिजनचे सिलिंडर असतात, रुग्णवाहिका असतात आणि 'उपलब्ध मनुष्यबळ' असा एक आकडा असतो. तो मंजूर पदांचा की भरलेल्या पदांचा, हेसुद्धा कुणी विचारत नाही. वादळाच्या रात्री खरोखर किती जण पोचू शकतील, हा आकडा तर कुठेच नसतो.

तो काढता येत नाही असे नाही. न्यूयॉर्क महानगर परिसरातल्या ४७ आरोग्यसंस्थांमधल्या सहा हजारांवर कर्मचाऱ्यांना विचारून केलेला एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रश्न दोन होते: अमुक आपत्ती आली तर कामावर यायची तयारी आहे का, आणि येता येईल का. जोरदार हिमवादळाबद्दल ८० टक्के लोकांनी 'तयारी आहे' म्हणून सांगितले. 'येता येईल' म्हणणारे होते ४९ टक्के. अडचणी कोणत्या, तर वाहतूक, लहान मुले, घरातली म्हातारी माणसे, पाळीव जनावरे, स्वतःचे दुखणे. सार्ससारख्या साथीबद्दल विचारले तेव्हा चित्र उलटे दिसले. येणे जमण्यासारखे होते, पण तयारी निम्म्यांचीही नव्हती. वादळाचे तसे नाही. वादळात माणूस यायला निघालेला असतो, वाटेत अडकलेला असतो. शिस्तभंगाचा धाक त्याच्यासाठी काय कामाचा? तो काही पडलेले झाड बाजूला करत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. वादळात आत कोण राहणार आणि त्यांना सोडवायला नंतर कोण येणार, ही नावे वादळाचा मोसम सुरू होण्याआधी त्या-त्या माणसाशी बोलून, त्याच्या घरची सोय लावून, तक्त्यावर लिहिलेली असावीत.

अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरातली रुग्णालये हे करतात. जून २००१ मध्ये 'ॲलिसन' वादळाच्या पावसाने तिथल्या वैद्यकीय संकुलाची तळघरे भरली आणि रुग्ण हलवावे लागले. त्यानंतर त्यांनी पूररोधक दरवाजे बसवले, विजेची यंत्रणा वर नेली. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती माणसांची विभागणी. एक तुकडी वादळ येण्याआधीच अंथरूण-पांघरूण, कपडे आणि स्वतःच्या औषधांसह रुग्णालयात मुक्कामाला येते आणि वादळ जाईपर्यंत बाहेर पडत नाही. दुसरी घरी थांबते, आपले घर सांभाळते, आणि रस्ते उघडले की येऊन पहिलीला मोकळी करते. २०१७ मध्ये 'हार्वे' वादळ आले तेव्हा पाऊस थांबेचना, रस्ते दिवसचे दिवस पाण्याखाली राहिले आणि मुक्कामी तुकड्यांना ठरल्यापेक्षा जास्त काळ आत राहावे लागले. म्हणजे ही युक्तीही अपुरी पडू शकते. पण निदान आत असलेली माणसे तयारीने आलेली होती. सकाळची ड्युटी संपवून घरी जायला निघालेली आणि फाटकावरून परत फिरवलेली नव्हती.

आमच्यात हेच व्हायचे. वादळ दुपारी चढले की सकाळचा स्टाफ अडकायचा, कारण दुपारचा आलेलाच नसायचा. रात्री तोच स्टाफ, दुसऱ्या सकाळीही तोच. यात मुद्दा असा की जी माणसे रुग्णालयाजवळ राहतात, ज्यांच्या घरी मागे बघणारे कुणी आहे, आणि ज्यांना 'नाही' म्हणता येत नाही, ती दर वेळी अडकतात. दर वेळी तीच. मग त्यांच्या मनात न येणाऱ्यांबद्दल अढी बसते, आणि न येणाऱ्यांच्या हातात कारणे दाखवा नोटीस पडते. वादळ ओसरल्यावरही वॉर्डात सहा-सहा महिने दोन गट राहतात. हे नुकसान कुठल्याच पंचनाम्यात येत नाही.

चक्रीवादळ काही न सांगता येत नाही. भारतीय हवामान खाते चार टप्प्यांत सूचना देते: पहिली पूर्वसूचना ७२ तास आधी, मग किमान ४८ तास आधी सतर्कतेची, किमान २४ तास आधी इशाऱ्याची, आणि साधारण १२ तास आधी वादळ जमिनीवर आल्यानंतरच्या अंदाजाची. ड्युटीचा तक्ता याच टप्प्यांना बांधता येतो. पहिल्या सूचनेला मुक्कामी तुकडीला फोन आणि घरच्या अडचणींची खातरजमा. कुणाचे मूल तापाने फणफणले असेल तर नाव त्याच वेळी बदलायचे. दुसऱ्या सूचनेला ठरवून करायच्या शस्त्रक्रिया पुढे ढकलायच्या, घरी जाण्याजोगे रुग्ण घरी सोडायचे, दिवस भरत आलेल्या गर्भवतींना आधीच दाखल करून घ्यायचे (ओडिशात हे आता नेमाने होते), आणि डायलिसिसच्या रुग्णांचे डायलिसिस एक दिवस अलीकडे घ्यायचे. हे शेवटचे बारीकसारीक वाटेल. पण २०१२ च्या 'सँडी' वादळानंतर पाहणी झाली तेव्हा ज्यांचे डायलिसिस वादळाआधी उरकले होते त्यांना तातडीने दाखल व्हायची वेळ कमी आली आणि त्यांच्यातले मृत्यूही कमी होते. तिसऱ्या सूचनेला, उजेड असताना आणि वारा सुटायच्या आत, मुक्कामी तुकडी आत आलेली हवी. ती रुग्णालयाच्या गाडीने आणायची. 'आपापल्या सोयीने यावे' हे वाक्य परिपत्रकात पुन्हा दिसू नये.

घरची सोय म्हटले की प्रशासनाच्या कपाळाला आठ्या पडतात. कर्मचाऱ्याचे घर हा रुग्णालयाचा विषय नाही, असे मला एका बैठकीत ऐकवले गेले होते. मग कुणाचा? आई आत आणि चार वर्षांचे मूल पत्र्याच्या घरात, अशा अवस्थेत ती आई औषधाचा डोस मोजते आहे हे त्या साहेबांना चालत होते का? रुग्णालयाच्या सुरक्षित मजल्यावर एक हॉल मुक्कामी कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी आणि म्हाताऱ्या माणसांसाठी काढून ठेवा, तिथे एक जबाबदार माणूस बसवा, नावांची नोंद ठेवा. ही सोयही बेतानेच. २००५ मध्ये कॅटरिना वादळात न्यू ऑर्लिन्सच्या मेमोरियल मेडिकल सेंटरमध्ये कर्मचाऱ्यांची कुटुंबे, शेजारीपाजारी, कुत्री-मांजरे असा मोठा जथा आसऱ्याला होता. पाणी चढले, वीज गेली, लिफ्ट बंद पडल्या, आणि आतल्या थोड्या डॉक्टर-परिचारिकांवर रुग्णांबरोबर या सगळ्यांचा भार पडला. पाणी ओसरल्यावर त्या इमारतीतून ४५ मृतदेह बाहेर काढावे लागले. पुढे चौकश्या झाल्या, एका डॉक्टरला अटक झाली, २००७ मध्ये ग्रँड ज्युरीने, म्हणजे खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, आरोप ठेवायला नकार दिला. आधी कुणाला हलवायचे आणि कुणाला मागे ठेवायचे, हे ठरवायचे काम उकाड्यात, अंधारात, दिवसेंदिवस न झोपलेल्या लोकांवर आले होते.

आता माणसे किती लागतात ते सांगते, कारण आराखडा लिहिणाऱ्यांना याचा अंदाज नसतो असा माझा अनुभव आहे. एका वादळात आमच्याकडे रात्री वीज गेली. जनरेटर चालू झाला, थोडा वेळ चालला आणि बसला. नवजात कक्षात व्हेंटिलेटरची बॅटरी संपत आल्याची शिटी सुरू झाली तशी ड्युटीवरच्या सिस्टरने नळी मशीनवरून काढून अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, लावली. नवजात बाळाला मिनिटाला ४० ते ६० श्वास द्यावे लागतात. बॅग चिमटीने दाबायची, जोर जास्त झाला तर फुप्फुसाला इजा, कमी झाला तर छाती हलत नाही. ती दाबत होती आणि वॉर्डातल्या मदतनीस मावशी हातात टॉर्च धरून बाळाच्या छातीवर उजेड पाडत मोठ्याने मोजत होत्या: 'दाब, सोड, सोड. दाब, सोड, सोड.' थोड्या वेळाने सिस्टरचा अंगठा आखडला, लय चुकायला लागली. मी बॅग घेतली. माझीही लय चुकायला लागल्यावर परत तिने घेतली. एका बाळाला दोन हात दाबायला, दोन विश्रांतीला, आणि एक माणूस उजेडाला. शेजारच्या खाटेवर दुसरे बाळ होते आणि त्याच्यासाठी लेबर रूममधली सिस्टर उचलून आणली होती, म्हणजे तिकडे प्रसूतीला एकच उरली. आराखड्यात त्या कक्षासाठी 'एक परिचारिका, प्रत्येक पाळी' लिहिलेले होते. साध्या दिवसाचा हिशेब तेवढाच.

न्यूयॉर्कमध्ये २९ ऑक्टोबर २०१२ च्या रात्री सँडीमुळे एनवाययू लँगोन रुग्णालयाची पर्यायी वीजही बंद पडली. तीनशेवर रुग्ण जिन्याने खाली आणावे लागले. त्यांत नवजात अतिदक्षता कक्षातली २० बाळे होती. परिचारिकांनी ती कडेवर घेऊन, हाताने श्वास देत, टॉर्चच्या उजेडात उतरवली. मोठा माणूस स्ट्रेचरवरून जिना उतरवायचा तर चार-पाच जण लागतात, शिवाय सलाइन धरणारा वेगळा, बॅग दाबणारा वेगळा. ही माणसे इमारतीत होती म्हणून जमले. डॉक्टर, परिचारिका, विद्यार्थी, सगळे जिन्यात उतरले. जवळच्याच बेलव्ह्यू रुग्णालयात जनरेटर १३ व्या मजल्यावर सुखरूप होते, पण इंधन वर चढवणारे पंप तळघरात बुडाले. मग जिन्यात माणसांची साखळी लागली आणि इंधन हातोहात वर गेले. यंत्र बिघडले की त्याच्या जागी माणसे लागतात, आणि नेमक्या त्याच रात्री माणसे कमी असतात.

झोपेबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाची चपळाई आणि भान रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखे मंदावते, हे प्रयोगांत दिसून आले आहे. त्या अवस्थेत गाडी चालवायला बऱ्याच देशांत मनाई आहे. इन्सुलिन भरायला मात्र चालते! मुक्कामी तुकडीत माणसे ठरवताना पाळ्या १२ तासांच्या धरा आणि झोपणाऱ्यांना झोपू द्या: अंधारी खोली, खाट, बाहेर पाटी, आणि उठवायचा अधिकार एकाच व्यक्तीला. माझ्या पाहण्यात झोपायला गेलेल्या सिस्टरला तासाभरात तिघांनी तीन किल्ल्यांसाठी उठवलेले आहे.

किल्लीवरून आठवले. एका वादळात डीडीए कपाटाची, म्हणजे मॉर्फिनसारखी औषधे कुलपात असतात त्याची, किल्ली इन्चार्ज सिस्टरकडे होती आणि त्या पाण्यापलीकडे घरी अडकल्या होत्या. ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीकडे काम सोपवताना, किल्ली द्यायची राहून गेली असे नाही. ज्यांना ओव्हर द्यायची ती सिस्टर आलीच नाही, आणि बाईंना घरून निरोप आला म्हणून त्या निघाल्या. हातात किल्ली दिली असती तर कुणाच्या? शेवटी डॉक्टर आणि दोन परिचारिकांच्या सह्या घेऊन कुलूप तोडले. रुग्ण हाड मोडलेला होता, तोवर विव्हळत पडून होता. दुसरी किल्ली सीलबंद पाकिटात वैद्यकीय अधिकाऱ्याकडे ठेवायला खर्च काही येत नाही.

आणखी एक गोष्ट. तुकड्या ठरवताना डॉक्टर आणि परिचारिका मोजून थांबू नका. वॉर्डातले मामा-मावशी, सफाईवाले, लिफ्ट चालवणारे, लाँड्रीवाले, स्वयंपाकघरातली माणसे, लॅब तंत्रज्ञ, औषध भांडारातला माणूस, आणि ज्याला जनरेटरचा आवाज ऐकून बिघाड कळतो तो इलेक्ट्रिशियन. यांच्यातले पुष्कळ जण ठेकेदाराकडचे असतात. त्यांची नावे रुग्णालयाच्या यादीत नसतात, फोन नंबर ठेकेदाराकडे, आणि ठेकेदाराचा फोन वादळात लागत नाही. त्यांना न येता आलेल्या दिवसाचे पैसे मिळत नाहीत आणि मुक्काम केलेल्या रात्रीचेही धड मिळत नाहीत; मग त्यांनी कुठल्या बळावर पाण्यातून यायचे? वादळातल्या मुक्कामाचा मोबदला, बदली सुट्टी आणि येता-जाता इजा झाली तर भरपाई, हे ठेक्याच्या करारातच लिहून घ्या. त्या रात्री टॉर्च धरून मोजणाऱ्या मावशी ठेक्यावरच्याच होत्या.

मॉक ड्रिलबद्दल न बोललेले बरे, पण बोलते. ती नेहमी कामाच्या दिवशी सकाळी अकराला होते, सगळे साहेब हजर असताना, फोटो काढणारा बोलावून. रविवारी रात्री दोनला करा. यादीतल्या नंबरांवर खरोखर फोन लावा आणि किती उचलले जातात, किती बदललेले निघतात ते लिहून काढा. आणि त्या तालमीत एक सूचना प्रत्येकाकडून वदवून घ्या: वादळाचा डोळा वरून जाताना वारा एकदम पडतो, आभाळही उघडते, आणि थकलेला माणूस म्हणतो, चला, तेवढ्यात घरी डोकावून येऊ. थोड्या वेळात विरुद्ध दिशेने तेवढाच जोराचा वारा येतो. हवामान खात्याकडून वादळ सरल्याचे कळेपर्यंत फाटक उघडायचे नाही, साहेबांसाठीसुद्धा नाही.

रिलीव्हर तुकडी, म्हणजे नंतर सोडवायला येणारी, दमदार हवी, कारण वादळानंतरची गर्दी वादळातल्यापेक्षा मोठी असते. छपरावरून पडलेले, झाडे तोडताना हात कापलेले, पत्रा लागलेले, उघड्या तारेचा झटका बसलेले, बंद खोलीत जनरेटर लावून धुराने बेशुद्ध झालेले. घरी ऑक्सिजनचे यंत्र विजेवर चालणारे रुग्ण तर वीज गेल्या क्षणापासून वाटेला लागतात. या लोंढ्यासमोर न झोपलेली मुक्कामी तुकडी उभी करणे हा रुग्णांवरही अन्याय आहे.

एक शेवटची विनंती रुग्णालयांच्या प्रमुखांना. मागच्या वादळात न पोचलेल्यांना ज्या कारणे दाखवा नोटिसा दिल्या असतील त्यांची उत्तरे कपाटात पडून असतील. कुणी लिहिले असेल पूल बंद होता, कुणी सासूबाईंना एकटे सोडता आले नाही, कुणी फोनच चार्ज नव्हता. ती सगळी उत्तरे एकदा ओळीने वाचा, गाववार, घरवार मांडा, आणि पुढच्या वादळाची ड्युटी लावायला बसाल तेव्हा ती समोर ठेवा. नोटिसा मग मागे घेतल्या तरी चालतील.

आपली,
एक निवृत्त परिसेविका